पायांचं कडवं

बुधवार उजाडला की उत्तराला सकाळपासूनच चैन पडायचं नाही. भाताची पेज जरा लागायची, ताक घुसळताना डेरा हिंदकळायचा, आणि गोदूबाई देवघरातूनच म्हणायच्या, "सूनबाई, आज बुधवार वाटतं."

बुधवारी तिचे यजमान त्र्यंबकशास्त्री उशिरा घरी येत. तळ्यापलीकडच्या मिशन कॉलेजात ते संस्कृत शिकवायचे. शिकवण्याबद्दल गोदूबाईंची फारशी तक्रार नव्हती; पगार वेळेवर यायचा, आणि रघुवंश कुणाच्याही छपराखाली शिकवला तरी रघुवंशच, असं त्यांनी स्वतःला समजावून टाकलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी विलायतेहून एक नवा पाद्री आला. त्याच्याकडे वर्ग नव्हता. प्रार्थना चालवायच्या, वसतिगृहातल्या मुलांची दुखणीखुपणी बघायची, कुणाचा बाप वारला तर त्याच्याजवळ जाऊन बसायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या डोक्यात आलं की कॉलेजात इतक्या जातीधर्मांची माणसं आहेत, तर आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून बसावं, आणि प्रत्येकाने आपापल्या घरची एक प्रार्थना म्हणून दाखवावी. वाद नाही, खंडनमंडन नाही. ज्याची प्रार्थना असेल त्याने ती म्हणायची, बाकीच्यांनी ऐकायची.

वार ठरवतानाच महिना गेला म्हणे. शुक्रवार फारसी शिकवणाऱ्या मुन्शींचा, ते नमाजासाठी कल्याणला घरी जात. शनिवारी शब्बाथ म्हणून गणिताचे यहेजकेल मास्तर चुलीला हात लावत नसत. त्यांच्या यहुदी बेने इस्रायल आळीत त्या दिवशी धूरच निघायचा नाही. रविवार पाद्रीसाहेबांचा. सोमवारी आणि मंगळवारी शास्त्रीबोवांचे उपास, गुरुवारी मुन्शींचा दर्गा. राहता राहिला बुधवार.

"बुधवार कुणाचाच नाही, म्हणून तो सगळ्यांचा," त्र्यंबकशास्त्री आईला हसून म्हणाले होते.

"आणि पाणी कुणाचं? तिथे पाणी प्यायलास तर याद राख." गोदूबाईंनी बाकी सगळं सोडून तेवढंच विचारलं.

तेव्हापासून बुधवारची रीत ठरली. स्वारी मिशनातून आली की अंगणातच उभी राहायची. उपरणं, अंगरखा, पगडी तिथल्या काठीवर. गोदूबाई ओसरीवरून लक्ष ठेवायच्या आणि उत्तरा आडोशाशी उभी राहून तांब्याने पाणी द्यायची. आणि पाणी अंगावर पडत असतानाच शास्त्रीबोवा बोलायला लागायचे. एरवी जेवताना मीठ हवं असलं तरी नुसता हात पुढे करणारा माणूस, पण बुधवारी थेंब निथळत असतानाच सुरू. मुन्शींनी अमुक म्हटलं, मास्तरांनी तमुक. आणि मग ते नाव यायचं.

"रूथबाई म्हणाल्या की प्रार्थना मागण्यासाठी नसते, सोबतीसाठी असते. आई, किती खरं आहे बघ."

"कोण ही रूथबाई?" पहिल्या खेपेला गोदूबाईंनी विचारलं.

"मिशनच्या बोर्डिंगातल्या मुली सांभाळतात. नगरकडच्या. सभेत पेटी वाजवतात."

"विधवा का?"

"हो."

"आणि बाटलेली."

"ख्रिस्ती आहेत," शास्त्रीबोवा म्हणाले, आणि पंचा मागायला हात पुढे केला. उत्तराने पंचा दिला. तिच्या हातून तांब्या घंगाळात जरा जोरातच पडला.

गोदूबाईंची भीती साधी होती. मुलगा बाटेल, वाळीत पडू, श्राद्धाला भटजी मिळायचा नाही. गावातही बोललं जायचंच की आज सभेत बसतात, उद्या तळ्यात उभं करून डोक्यावर पाणी घालतील. उत्तरालाही ते भय वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. तिला ठाऊक होतं, हे संध्येची पळी चुकवणार नाहीत. तिच्या मनातलं कुसळ वेगळंच होतं आणि ते कुणापुढे काढून दाखवण्यासारखं नव्हतं.

तिला वाटायचं, त्या बाईला काय येतं जे मला येत नाही? पेटी येते, ठीक. वाचता येतं, तर मलाही बाराखडी येते. माहेरी कल्याणला आप्पांनी शिकवली होती. मग काय? "रूथबाई म्हणाल्या" हे म्हणताना यांचा आवाज जिथे जातो, तिथे "अगं ऐकलंस का" म्हणताना का जात नाही? एकदा देवळातून येताना तिने त्या बाईला पाठमोरी पाहिली होती. काळी छत्री, पांढरं नऊवारी, पायात वहाणा. तेवढ्यावरून उत्तराने मनात तिचं सगळं रूप रचलं होतं. गोरी, सडसडीत, नाकेली, बोलताना डोळे खाली न घालणारी. आणि मग त्या स्वतःच रचलेल्या रूपाकडे बघून तिचाच जीव जळायचा.

दिवसातली एकच वेळ तिची होती. सकाळी गोदूबाई कोपिनेश्वराच्या देवळात जात आणि येताना चार ठिकाणी थांबत. तेवढ्यात उत्तरा मधूला तेल लावायची. मधू आठ महिन्यांचा, गुबगुबीत, तेल लागलं की मासोळीसारखा निसटायचा. मागल्या ओसरीवर पाय पसरून ती बसायची, त्याला पायांवर आडवा घ्यायची, आणि तोंडात येईल ते गुणगुणायची. आधी नुसतंच हूं हूं होतं. मग हात जिथे फिरे तिथले शब्द यायला लागले. शब्दांना शब्द चिकटले, आणि बघता बघता टाळूचं एक, छातीचं एक, हातांचं एक आणि पायांचं एक अशी कडवी झाली. कुणी शिकवली नाहीत, कुणाला तिने म्हणून दाखवली नाहीत. ती तिची आणि मधूची.

टाळूला गं तेल घालू, दार अजून लागेना
आत कोण येतं जातं, मला कोणी सांगेना

छातीला गं तेल चोळू, आत दिवा तेवतो
कुणी लाविला न ठावे, माझा हात शेकतो

हातांना गं तेल चोळू, मूठ काही उघडेना
काय आणलंस तिथून, मला बाई उमजेना

पुढल्या ओसरीवर त्या वेळी शास्त्रीबोवा पुस्तक घेऊन बसलेले असत. सासूबाई घरात नाहीत, नवराबायको दोघंच, बोलायचं म्हटलं तर बोलता आलं असतं. पण ते मान वर करत नसत. मधूचे हात चोळून होईपर्यंत न्हाणीतल्या बंबाचं पाणी उकळायला लागायचं, मग ते पुस्तक मिटून आंघोळीला उठत. नियम ठरलेला. पाय चोळायच्या वेळी न्हाणीतून त्यांचं "गंगे च यमुने" ऐकू यायचं, आणि उत्तरा हलक्या आवाजात शेवटचं कडवं म्हणायची.

त्या दिवशी भाजीवाली लक्ष्मी दारात आली. लक्ष्मी खाडीकडच्या आगरी पाड्यातली. पाटी डोक्यावर, कासोटा गच्च, तोंड सतत चालू. आधी मिशनात भाजी घालायची आणि मग बामणआळीत, त्यामुळे इकडची बातमी तिकडे जाताना तिला वेगळी मजुरी लागत नसे.

पाटी उतरवून ती मुळ्याच्या जुड्या काढत होती, आणि काढता काढता गुणगुणत होती.

"आत दिवा तेवतो, कुनी लाविला ना ठावं..."

उत्तराच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"लक्ष्मी, हे काय म्हणतेस?"

"कं? गानं."

"कुठलं गाणं? कुठे ऐकलंस?"

"मिशनीत, बाय. ती रूथबाय हाय ना, पेटीवर बोटां नाचवते नि म्हनते. बुधवारी साहेब लोकांच्यात म्हनला, आता पोरी रोज सांजच्याला म्हनतान. लय ग्वाड हाय. मुळा घेतंस का नाय?"

उत्तराने मुळा घेतला. दोन जुड्या जास्त घेतल्या, कारण लक्ष्मीला जाऊ द्यायचं नव्हतं. "पूर्ण म्हण बघू," ती म्हणाली. लक्ष्मीने म्हटलं. सुरुवातच ऐकून उत्तराच्या कानशिलांना आग लागली.

"टाळूवरी हात ठेवू, दार अजून लागेना..."

"हात ठेवू?" उत्तरा म्हणाली. "तेल कुठे गेलं?"

"मना काय ठावं त्येलाचा? साहेबाच्या घरला नसल त्येल." लक्ष्मी फिदीफिदी हसली आणि पाटी उचलून चालती झाली.

उत्तरा उंबऱ्यातच बसली. गाणं ऐकणारी माणसं दोन. एक पायांवर निजतो आणि त्याला अजून बोलता येत नाही. म्हणजे दुसऱ्याने नेलं. पुस्तकात डोकं घालून बसलेल्या माणसाने कान इकडे ठेवले, शब्द न् शब्द उचलला, त्यातलं तेल पुसून काढलं, आणि त्या बाईच्या पेटीवर नेऊन ठेवला. साडी नेली असती, पाटल्या नेल्या असत्या, तर भांडता आलं असतं. हे कुठल्या तोंडाने मागायचं?

दुसऱ्या दिवशी तिने मधूला मुकाट्याने तेल लावलं. मधू तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग ओठ काढून रडायला लागला. पुढल्या ओसरीवर पुस्तकाचं पान उलटलं गेलं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी शास्त्रीबोवा दारापर्यंत आले, खांबाला हात लावून उभे राहिले.

"आज... बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय."

"नाही, म्हणजे मधू रडतोय."

"त्याला सवय झाली होती. मोडेल."

ते तसेच उभे. उत्तराने मधूची टाळू थोपटली आणि मान वर न करता म्हणाली, "इकडच्या सभेत गाणी चांगली होतात म्हणे."

त्यांनी उपरणं सावरलं. मग म्हणाले, "पाद्रीसाहेबांचा नियम आहे. प्रार्थना पोथीतली नको, घरात जशी होते तशी हवी. मुन्शींनी त्यांच्या आजीची दुवा म्हटली. मास्तरांनी शब्बाथाच्या दिव्याची. मी महिम्न म्हटलं, तर साहेब म्हणाले, हे सुंदर आहे, पण हे तुमच्या घरी कोण म्हणतं? आणि मग... सकाळी कानावर पडत होतं."

"ती प्रार्थना नाही. ते तेलाचं गाणं आहे."

"तेल मी काढलं."

"ठाऊक आहे." तिच्या आवाजाला धार आली. "आणि कुणाचं म्हणून सांगितलं?"

शास्त्रीबोवांनी खांबावरचा चुन्याचा पोपडा नखाने काढला. "जुनं आहे म्हणालो. घराण्यात चालत आलेलं."

"बरं केलंत. मी मेल्यावर खरंही होईल."

"अगं, तसं नाही. चार लोकांत बायकोचं गाणं म्हणून कसं सांगायचं? मुलं हसली असती."

"हसली का?"

"नाही. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि रूथबाई म्हणाल्या..."

"पाणी उकळलंय," उत्तरा म्हणाली. ते आंघोळीला गेले.

ज्या गाण्याला तिथे डोळे भरून आले, ते इथे तिच्या तोंडी असताना यांनी मान वर करून बघितलं नाही. हे तिला त्या बाईपेक्षाही जास्त झोंबलं. पण बाई जास्त सोपी होती. तिच्यावर राग धरता यायचा.

आठवडा गेला आणि लक्ष्मी पुन्हा पाटी घेऊन आली. वांगी मोजता मोजता म्हणाली, "बाय, ती रूथबाय इचारत व्हती. म्हनली, शास्त्रीबोवाच्या घरला जातंस ना, तं त्यांच्या बायकोला इचार. म्हनली, पायांचा काय?"

"काय?"

"पायांचा काय, आसा इचार म्हनली. दुसरा काय नाय. मी बोलली, ती बामनीन हाय, तिच्या पायाला काय झाला? तं हसली नि बोलली, तू इचार खरी."

लक्ष्मी गेली तरी उत्तरा वांगी ओटीत घेऊन उभीच. त्या बाईला कळलं होतं. यांना कळलं नाही, पाद्रीला नाही, मास्तरांना नाही. इतके बुधवार एकत्र बसणाऱ्या एकाही पुरुषाला कळलं नाही की टाळू, छाती, हात झाले आणि गाणं संपलं, असं कसं संपेल? पोराचे पाय कोरडे ठेवून कुठली आई उठते? हे गाणं जुनं नाही, अर्धं आहे, ते एका बाईचं आहे आणि ती बाई शास्त्र्याच्या घरात आहे, हे सगळं त्या रूथने तीन कडव्यांतून ओळखलं होतं.

याचाही उत्तराला रागच आला. ओळखायचं होतं ते तिनेच का ओळखावं?

तिने मनाशी ठरवलं की जायचं आणि गाणं परत मागायचं. गाणं परत कसं मागतात हे तिला ठाऊक नव्हतं, पण समोर उभं राहून "आता ते म्हणू नका" एवढं सांगता येईल. निमित्त आयतंच होतं. मधूला देवी टोचायच्या राहिल्या होत्या, आणि टोचणारा सरकारी माणूस महिन्यातून एकदा मिशनच्या दवाखान्याच्या ओसरीवर बसायचा. सरकारचा हुकूम म्हटल्यावर गोदूबाईंचा इलाज चालेना. त्या बरोबर आल्या, पण फाटकाच्या आत पाऊल टाकायला तयार नव्हत्या. बाहेर चिंचेखाली पदर पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "काही शिवू नकोस. काही खाऊ नकोस. कुणी गोड बोललं तर जास्तच सांभाळ."

मधूने टोचून घेतलं, आकांत केला, आणि त्याला खांद्यावर घेऊन उत्तरा ओसरीच्या टोकाला आली. तिथून बोर्डिंगचं अंगण दिसत होतं. शनिवार होता. विहिरीजवळ मुली रांगेने बसल्या होत्या, एकीच्या मागे एक, आणि प्रत्येक मुलगी पुढचीच्या केसांना तेल लावत होती. आणि गात होत्या.

"टाळूला गं तेल घालू, दार अजून लागेना..."

तेल परत आलं होतं.

रांगेच्या शेवटी एक बाई उभी होती. उत्तराने छत्री ओळखली. ती भिंतीला टेकून ठेवलेली होती. बाई गोरी नव्हती. सडसडीत म्हणाल तर वाळलेली होती. तोंडावर देवीचे वण होते, एक डोळा जरा बारीक. उत्तराला क्षणभर बरं वाटलं, आणि मग त्या बाईने मुलींचा सूर धरायला तोंड उघडलं. आवाज ऐकून तिला पुन्हा वाईट वाटलं. त्या आवाजावर कुणीही सभेला गेलं असतं.

बाईने तिला बघितलं. मुलींना हाताने चालू ठेवा असं सांगून ती आली, आणि ओसरीखालीच, दोन हात अंतर राखून थांबली. हात मागे बांधले.

"शास्त्रीबोवांकडच्या का?"

"हो."

"मी वाट बघत होते. याल असं वाटलं नव्हतं."

उत्तराने घरून घोकून आणलेलं वाक्य तोंडात आलं. पण विहिरीजवळची सगळ्यांत धाकटी मुलगी, सहासात वर्षांची, आपल्या पुढच्या मुलीच्या टाळूवर तेल थापत होती, फार जपून, जसं काही खरंच तिथलं दार उघडं आहे.

"यांच्या आया?" उत्तराने विचारलं.

"थोरल्या दुष्काळातल्या. रस्त्याकडेला सापडलेल्या. धाकट्या मागाहून आल्या, कुणी दारात ठेवलेल्या." रूथबाई म्हणाल्या. "शास्त्रीबोवांनी गाणं आणलं तेव्हा त्यात तेल नव्हतं. मी म्हटलं, इथे हात ठेवायचा नाही, इथे चोळायचं आहे. मग मी शनिवारी मुलींना तेल लावताना म्हणून बघितलं, आणि बसलं बरोबर."

"तुम्हाला कसं कळलं? की तेलाचं आहे?"

"मलाही एक होता. तेलाचा हात कुठून कुठे जातो ते हाताला ठाऊक असतं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तेल संपत आलं होतं तेव्हा. पायांपर्यंत पुरायचं नाही."

मधू खांद्यावर हुंदके देत होता. उत्तरा भांडायला आली होती आणि समोरच्या बाईकडे भांडण ठेवायला जागाच नव्हती. पण मत्सर एवढ्याने जातो थोडाच? तो नुसता कूस बदलतो. तिच्या मनात आलं, हिला दुःख आहे, आवाज आहे, सभेत बोलायला जागा आहे, आणि माझा नवरा हिचं बोलणं घरी घेऊन येतो. माझ्याजवळ काय आहे? आणि मग दचकून तिला आठवलं, पाय आहेत. पायांचं कडवं यांच्याजवळ नाही. ते फक्त माझ्याजवळ आहे.

ती ओसरीच्या कडेला बसली, मधूला पायांवर घेतलं, आणि त्याची पावलं हातात धरली. तेल नव्हतं, नुसता तळवा.

पायांना गं तेल चोळू, पाय जाणार लांब
जाताना रे मागे वळून, एकदा तरी थांब

टाचेपासून बोटांपर्यंत, मग एकेक बोट. रूथबाईंनी मागचे हात पुढे घेतले होते, आणि मधूला न शिवता, हवेतच, तसेच फिरवत होत्या. टाच, तळवा, बोटं. दुसऱ्या खेपेला त्यांनी शब्द धरले. तिसऱ्या खेपेला "थांब" वर त्या जरा जास्त थांबल्या, आणि तेच बरोबर होतं, हे उत्तराला कबूल करावं लागलं.

"कुणाचं म्हणून सांगू?" त्यांनी विचारलं.

"मधूच्या आईचं. जुनं नाही." उत्तरा उठली. दोन पावलं जाऊन ती वळली. "आणि शास्त्रीबोवांना आधी सांगू नका. सभेतच ऐकू दे."

रूथबाईंच्या बारीक डोळ्यात काहीतरी चमकलं. "चारचौघांत?"

"हो. चारचौघांतच."

चिंचेखाली गोदूबाईंनी विचारलं, "इतका वेळ काय करत होतीस?"

"रडत होता, थोपटत होते," उत्तरा म्हणाली. घरी गेल्यावर मायलेकांनी आंघोळ केली, मधूची दृष्ट काढली, आणि ते तेवढ्यावर मिटलं.

बुधवार आला. त्या दिवशी पेज लागली नाही.

संध्याकाळी स्वारी अंगणात उभी राहिली. पगडी काठीवर, अंगरखा काठीवर. उत्तराने पाणी दिलं. एक तांब्या, दुसरा, तिसरा. मुन्शी काय म्हणाले ते नाही, मास्तर काय म्हणाले ते नाही. गोदूबाई वाट बघून म्हणाल्या, "आज तुझ्या रूथबाई मुक्या झाल्या का रे?"

"काही नाही विशेष," शास्त्रीबोवा म्हणाले आणि पंचा न मागताच आत गेले.

रात्री पान वाढताना त्यांनी मीठ मागितलं नाही. आमटी अळणी होती, ती तशीच खाल्ली. उत्तराने पाहिलं आणि मुद्दामच मीठ पुढे केलं नाही.

सकाळी गोदूबाई देवळात गेल्या. फाटकाची कडी वाजली आणि लगेच शास्त्रीबोवा मागल्या ओसरीवर आले. हातात पुस्तक होतं, पण पानांत बोट घातलेलं नव्हतं.

"ते तू दिलंस तिला?"

"काय?"

"तुला ठाऊक आहे काय. शेवटचं कडवं." त्यांचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता इतका ओला आणि इतका रागावलेला होता. "सगळ्या सभेपुढे त्या म्हणाल्या, हे मधूच्या आईचं आहे, हे जुनं नाही, आणि हे पुरं आहे. मुन्शी माझ्याकडे बघायला लागले. पाद्रीसाहेब म्हणाले, शास्त्रीबोवा, तुमच्या घरात इतकं आहे आणि तुम्ही अर्धंच आणलंत? मी काय सांगू? मला तरी कुठे ठाऊक होतं?"

"इकडून कधी ऐकणं झालंच नाही."

"तू कधी म्हटलं नाहीस."

"रोज म्हणते. इकडची त्या वेळी आंघोळ असते."

त्यांनी पुस्तक दुसऱ्या हातात घेतलं आणि लहान मुलासारखं म्हणाले, "पण तिला आधी का? मला का नाही? माझ्या घरातलं मला मिशनात ऐकावं लागलं."

उत्तराने मधूला पायांवर आडवा घेतला. हा जळफळाट तिच्या ओळखीचा होता. महिनोन्‌महिने तिने तो उरात सांभाळला होता. तो आता यांच्या तोंडावर बघून तिला दया आली असती तर बरं दिसलं असतं. पण आधी आला तो गोडवा, गुळाचा खडा जिभेखाली ठेवावा तसा. तिने तो जरा वेळ विरघळू दिला.

"बसायचं असेल तर बसावं," ती म्हणाली. "पण मधूकडे बघून. पुस्तकाकडे नाही."

शास्त्रीबोवा खांबाशी बसले. पुस्तक बाजूला ठेवलं. तिने वाटीत बोटं बुडवली आणि टाळूपासून सुरुवात केली. इतक्या दिवसांनी सूर ऐकून मधूने दोन्ही पाय झाडले. टाळू झाली, छाती झाली. हातांशी आली तेव्हा न्हाणीतलं पाणी खदखदायला लागलं. उत्तराने ऐकलं. शास्त्रीबोवांनीही ऐकलं. त्यांची मान सवयीने तिकडे वळली.

ती थांबली नाही, पण पुढेही गेली नाही. मधूची मूठ चोळून झाली होती, तरी पुन्हा चोळली; उघडेना, उमजेना, पुन्हा पहिल्यापासून. फाटकाची कडी वाजली. गोदूबाई परत आल्या होत्या, आज कुठेच न थांबता.

"त्र्यंबका, पाणी आटतंय. आंघोळ नाही का करायची?"

दिवसाढवळ्या आईच्या देखत बायकोजवळ बसलेला मुलगा त्या घराने पाहिला नव्हता. शास्त्रीबोवांचे कान लाल झाले. हात जमिनीला टेकला, उठायला टेकतात तसा.

उत्तरा मुठीवरच बोट फिरवत राहिली.

"येतो, आई," ते म्हणाले. "पाय राहिलेत."

गोदूबाई ओसरीच्या तोंडाशी काही क्षण उभ्या राहिल्या. मग त्यांनी हातातलं तीर्थाचं भांडं सावरलं, आत गेल्या, आणि बंबातली लाकडं मागे ओढल्याचा आवाज आला.

तेव्हा उत्तराने वाटी जवळ ओढली, आणि मधूची पावलं हातात घेतली.